कॉफीचे छोटे दुकान आणि त्यामागचा उद्देश: हिशेब कपांत मांडावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत आपण अकरा वर्षे शिकवले. शाळा संपलेले आपले सहा-सात विद्यार्थी आता घरी बसून आहेत. आणि भावाबरोबर १२ लाख रुपये घालून कोथरूडमध्ये त्यांच्यासाठी कॉफीचे छोटे दुकान काढावे असा आपला विचार आहे. ट्रस्ट करावा की कंपनी, नफ्यातला किती वाटा सामाजिक कामासाठी राखून ठेवावा, आणि ग्राहकांना या सगळ्याबद्दल काय सांगावे, हे आपण विचारले आहे. मी एरंडवण्यात गेली नऊ वर्षे असेच एक दुकान चालवतो. आमच्याकडे आठ जण कामाला आहेत आणि त्यांपैकी पाच जण बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत. आपल्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

नफ्यातला वाटा ठरवू नका. सामाजिक उद्देश नफ्यातून चालवायचा ठरवला, की ज्या महिन्यात नफा नाही त्या महिन्यात उद्देशही नाही, असा त्याचा अर्थ होतो; आणि छोट्या दुकानाला पहिली दोन वर्षे नफा दिसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, निम्मी वस्ती गावी गेलेली असते आणि गरम कॉफीला मागणी नसते. अशा महिन्यात प्रशिक्षकाचा पगार ‘या वेळी जमत नाही’ म्हणून थांबवला, तर जूनमध्ये पाऊस सुरू होऊन गर्दी परत येते तेव्हा काम शिकवणारे माणूस निघून गेलेले असते आणि शिकणारे चार जण पुन्हा घरी बसलेले असतात. म्हणून उद्देशाचा खर्च भाड्याच्या शेजारी लिहावा. भाडे जसे नफा झाला तरच देऊ असे आपण म्हणत नाही, तसेच याचेही आहे.

आकडे मांडून दाखवतो. आपल्या जागेप्रमाणे ते बदलून घ्या. समजा, एका कपाची सरासरी किंमत जीएसटी धरून १२० रुपये आहे. उपाहारगृहाला ५ टक्के कर लागतो, तो वजा जाता साधारण ११४ रुपये हातात राहतात. भाजलेली कॉफी किलोला ११०० रुपये धरली तर १८ ग्रॅमचे २० रुपये, १३० मिलिलिटर दुधाचे नऊ रुपये, आणि साखर, कागदी रुमाल, सांडलवंड यांचे पाच-सहा रुपये होतात. म्हणजे एका कपामागे ८० रुपयांच्या आसपास उरतात. आता महिन्याचा ठरलेला खर्च पाहा: भाडे ४०,०००, पगार ७८,०००, वीज, दुरुस्ती, हिशेबनीस आणि किरकोळ मिळून २०,०००, आणि कामावर सतत बरोबर राहणाऱ्या प्रशिक्षकाचे २२,०००. एकूण १,६०,००० रुपये. त्याला ८० ने भागले तर २००० कप होतात आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ७७ कप. यातले प्रशिक्षकाचे २२,००० म्हणजे रोजचे ११ कप.

हा अकराचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘आम्ही सामाजिक काम करतो’ या वाक्याला काही माप नाही. ‘आमचे सामाजिक काम रोज अकरा कपांचे आहे’ या वाक्याला आहे. संध्याकाळी गल्ला मोजताना आपल्याला कळते की आज ते काम झाले की नाही, आणि झाले नसेल तर उद्या सकाळी शेजारच्या दोन कार्यालयांत जाऊन थर्मासमध्ये कॉफी पोहोचवण्याचे विचारायचे आहे. आमच्याकडे हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो आणि दर तीन महिन्यांनी आम्ही तो नव्याने काढतो.

पगाराबद्दल माझे मत ठाम आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे ‘मानधन’ देत राहणे मी चुकीचे मानतो. प्रशिक्षणाची मुदत आधी लिहून ठरवा, ती फार तर तीन महिन्यांची ठेवा, आणि मग किमान वेतनाच्या दराने पगार सुरू करा, मग ती व्यक्ती दिवसाला चारच तास काम करत असली तरी त्या चार तासांचा पूर्ण दर द्या. पगार तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जमा करा. पालक पुष्कळदा म्हणतात की पैशांचे काही नाही, त्याचे मन रमले म्हणजे झाले. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु त्यांना नम्रपणे नाही म्हणा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाची सोय आहे, आणि त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. कामावर घेतानाच या दोन्ही गोष्टींची चौकशी करा. आणखी एक सांगतो, रागावू नका. आपल्या पत्रात आपण त्यांना सगळीकडे ‘मुले’ म्हटले आहे. त्यांतला सर्वांत मोठा एकतीस वर्षांचा आहे असे आपणच लिहिता. शाळेत ती सवय लागते, पण दुकानात त्यांना नावाने आणि अहो-जाहो करून बोलावले पाहिजे, कारण ग्राहक आपले ऐकूनच त्यांच्याशी कसे बोलायचे ते ठरवतात.

आता कॉफीकडे येतो. सामाजिक उद्देशाने काढलेली बहुतेक दुकाने महागडे एस्प्रेसो यंत्र (दाबाखाली गरम पाणी सोडून झटपट दाट कॉफी काढणारे) घेऊन सुरू होतात आणि तिथेच निम्मे भांडवल अडकते. त्या यंत्रावर भरलेला जीएसटीही वळता करून मिळत नाही, कारण ५ टक्के दराच्या उपाहारगृहाला ती सवलत नाही. माझा सल्ला असा की पहिले वर्षभर फिल्टर कॉफीवर दुकान उभे करा. पुणेकरांना ती नवी नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या उडुपी हॉटेलांनी कित्येक पिढ्यांना तिची सवय लावलेली आहे. शिवाय आपल्या माणसांच्या दृष्टीने तिच्यात मोठी सोय आहे. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, सकाळी, दुकान उघडण्याच्या आधी, शांतपणे काढून ठेवता येते. पूड मोजायची, हलक्या हाताने दाबायची, उकळून किंचित निवलेले पाणी ओतायचे आणि थांबायचे, एवढेच ते काम आहे, आणि ते करताना समोर कोणी घड्याळाकडे पाहत उभे नसते. एस्प्रेसोत मात्र १८ ग्रॅम पुडीतून नऊ बार, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम कॉफी यावी लागते, हवेतला दमटपणा बदलला तरी दळण बदलावे लागते, आणि हे सगळे रांग लागलेली असताना करायचे असते. तेही शिकता येते, आमच्याकडे तिघे जण उत्तम करतात, पण ते दुसऱ्या वर्षाचे काम आहे. चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली कॉफी वापरणार असाल तर ती पाटीवर आणि पाकिटावर स्पष्ट लिहा. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे, आणि चवीच्या दृष्टीने मी तरी ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नका असेच म्हणेन.

काम कसे शिकवायचे हे आपल्याला मी सांगावे असे नाही, तरी दुकानातली एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण वर्ग आणि काउंटर यांत फरक आहे. आमच्याकडे डाउन सिंड्रोम असलेली एक तरुणी पूड मोजण्याचे काम करते. तिला आकड्यांचा क्रम लागत नाही; सतरा मोठे की अठरा, हे ती सांगू शकत नाही. पहिले दोन महिने आम्ही तिला आकडे शिकवण्यात घालवले आणि दोघांनाही त्याचा त्रास झाला. मग प्रशिक्षकाने दशांश न दाखवणारा काटा आणला, काट्याच्या पडद्यावर अठराचा आकडा जसा उमटतो तसाच मोठा छापून त्याच्या शेजारी चिकटवला, आणि दोन्ही चित्रे सारखी झाली की थांब, एवढेच सांगितले. ती चमच्याच्या टोकाने पूड चिमूट चिमूट टाकते, दर वेळी मान वळवून दोन्ही चित्रे पाहते, सारखी झाली की चमचा उलटा करून ठेवते. गेल्या चार वर्षांत तिच्या हातून गेलेल्या पुडीबद्दल मला शंका घ्यावी लागलेली नाही. घाईच्या वेळी माझाच हात एखादा ग्रॅम पुढे-मागे जातो. तिचा जात नाही.

दुधाबाबत सावध राहा. यंत्राच्या वाफेने दूध तापवताना भांड्याला हात लावून ठेवा, असे कॉफी शिकवणारे बरेच जण सांगतात, आणि चटका बसू लागला की वाफ बंद करा. काही स्वमग्न व्यक्तींना चटका उशिरा जाणवतो, काहींना साधी ऊबही सहन होत नाही. म्हणून आमच्याकडे हाताची परीक्षा बंद आहे. भांड्यात तापमापक असतो आणि काटा ६० अंशांच्या खुणेवर आला की वाफ बंद. ग्राइंडरच्या आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी कान झाकण्याची साधने हाताशी ठेवा. रोजच्या क्रमात बदल होणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगा. गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहणार अशी सूचना पेपरात आली की आपण फक्त टाकी भरून ठेवतो, पण नळ सोडला आणि पाणी आले नाही, एवढ्यावरून आमच्या एका सहकाऱ्याचा सबंध दिवस गेलेला मी पाहिला आहे. आता बुधवारी संध्याकाळी तो स्वतः नळावर लाल फीत बांधतो आणि गुरुवार शांतपणे जातो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण यात माझे बरेच पैसे गेले आहेत. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी मृदू आहे, कॉफीसाठी ते चांगले आहे. परंतु उन्हाळ्यात टँकर आला की तो पुष्कळदा बोअरवेलचा असतो आणि त्या पाण्यात क्षार भरपूर असतात. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात तेच पाणी यंत्रात जाऊ दिले. जुलैमध्ये बॉयलर उघडला तेव्हा आत चुन्याचा जाड थर होता आणि दुरुस्तीला जेवढे लागले त्यात एका माणसाचा दोन महिन्यांचा पगार निघाला असता. पाण्यातले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, असे कॉफीवाल्यांचे प्रमाण आहे. मोजण्याचे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते; ते घ्या आणि टँकर आला की टाकी भरण्याआधी मोजा.

बिया कुठून घ्याव्यात? भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, आणि पुण्याला चिकमगळूर, हासन, कोडगू हे जिल्हे सोयीचे आहेत. आपल्या राज्यात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, पण तिच्यावर दुकान चालेल एवढी ती मिळत नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आणि ओडिशातल्या कोरापुटमध्ये आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. आपला उद्देश पाहता तिथला माल घ्यावासा वाटेल आणि तो चांगलाही आहे, परंतु सुरुवातीलाच दोन उद्देश एका कपात भरू नका. आधी एक भाजणारा गाठा जो दर महिन्याला सारखी भाजणी देईल. स्वतः भाजण्याचा मोह पहिली तीन वर्षे टाळा. कच्ची कॉफी साधारणपणे ५० किलोच्या पोत्यात येते, भाजताना तिचे वजन १५ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे एक किलो कच्च्या कॉफीची ८५० ग्रॅम भाजलेली कॉफी आणि १८ ग्रॅमचे ४७ कप होतात. नवशिक्याच्या हातून त्यातले पाच-सात कप पहिल्या दिवसापासून जळतात. कॉफीच्या दरांतले चढउतारही लक्षात ठेवा. ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलरच्या वर गेली होती आणि आपल्याकडचे भावही तिच्यामागोमाग चढले. आम्ही तेव्हा कपामागे दहा रुपये वाढवले आणि वाढीचे कारण दोन ओळींत काउंटरवर लावले. नेहमीच्या लोकांपैकी कोणी तक्रार केली नाही. त्या वेळी दर न वाढवता प्रशिक्षकाचे तास कमी करण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. वहीतल्या पहिल्या पानाने तो थांबवला.

ट्रस्ट की कंपनी, याचे उत्तर आता सोपे आहे. उद्देशाचा खर्च पगारपत्रकातच असेल, तर दुकान साधी मालकी किंवा भागीदारी म्हणून सुरू करायला हरकत नाही. शॉप अ‍ॅक्टची नोंद, उलाढालीप्रमाणे अन्न परवाना, आणि उलाढाल २० लाखांच्या वर जाणार म्हणून जीएसटी नोंदणी, एवढे केले की दार उघडते. वरच्या हिशेबाने वर्षाची विक्री २७ लाखांच्या घरात जाते, म्हणजे जीएसटी टळणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट यांचा उपयोग देणग्या घेण्यासाठी आहे. पण कलम ८ च्या कंपनीतून लाभांश काढता येत नाही, आणि ट्रस्टने धंदा केला की त्याच्या स्वतंत्र वह्या, करसवलतीच्या अटी आणि लेखापरीक्षण हे सगळे मागे लागते. आपल्या भावाचे पैसे त्यांच्या निवृत्तीचे असतील तर ते अशा जागी घालण्याआधी त्यांच्याशी उघडपणे बोला. दुकान स्थिरावले आणि प्रशिक्षणासाठी बाहेरून मदत घ्यावीशी वाटली, की फक्त प्रशिक्षणासाठी वेगळी संस्था काढा आणि दोन्हींचे पैसे एकमेकांत कधीही मिसळू देऊ नका. कामगारांच्या मालकीचा मार्गही या धंद्यात जुना आहे: सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, त्यांतली पहिली १९५७ मध्ये बंगळुरूला. दहा वर्षांनी आपली माणसे त्या टप्प्यावर आली तर मला फार आनंद होईल. आज त्याची घाई नको.

ग्राहकांना काय सांगावे, याबाबत मी आधी चूक केली आणि मग सुधारली. पहिल्या वर्षी आमच्या दारावर मोठी पाटी होती आणि आत प्रत्येकाचे छायाचित्र व त्याची कहाणी लावलेली होती. लोक आले, डोळे भरून आले, फोटो काढले, आणि त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. एका मोठ्या कंपनीने आपल्या कार्यक्रमासाठी ४०० कपांची मागणी दिली, आमच्या माणसांना मंचावर उभे करून टाळ्या वाजवल्या, आणि बिलाचे पैसे पाच महिन्यांनी दिले. त्या पाच महिन्यांत दूधवाल्याची उधारी मी घरच्या पैशांतून भागवली. त्यानंतर दोन नियम केले: मोठ्या मागणीचे निम्मे पैसे आधी घ्यायचे, आणि भिंतीवर कोणाची कहाणी लावायची नाही. आता दारावर फक्त दुकानाचे नाव आहे. काउंटरवर एक छोटा फलक आहे, त्यावर ‘कृपया सावकाश आणि एका वेळी एकच पदार्थ सांगा’ असे लिहिले आहे, कारण काम करणाऱ्याला त्याचीच गरज असते. कोणी विचारले तर आम्ही सगळे सांगतो. आज दुकान चालते ते सकाळी साडेआठला येणाऱ्या चाळीसेक लोकांवर, आणि त्यांतले निम्मे कॉफी आवडली म्हणून येऊ लागले. दुकानामागचा उद्देश त्यांना हळूहळू कळत गेला.

बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्ती जिथे काम करतात ते मुंबईतले जुहूचे कॅफे अर्पण एका दिवसात पाहून येता येते. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांचे आग्र्याचे शीरोज हँगआउट आणि दिव्यांगांना काम देणारे, हुबळीतून सुरू झालेले मिट्टी कॅफे यांची कामेही जमले तर जवळून पाहा. तिथे गेल्यावर दुपारी चार वाजता काउंटरच्या मागे काय चालते ते बघा: पैसे कोण घेते, भांडी कोण घासते, चूक झाली तर कोण कोणाशी कसे बोलते.

पालकांसाठी वेळ राखून ठेवा. कर्वेनगरहून येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला पीएमपीच्या बसने एकटे यायला शिकवले, तेव्हा त्याचे वडील अकरा दिवस बसच्या मागे स्कूटरवरून येत होते. तो उतरून दुकानात शिरला की ते कोपऱ्यावरून परत फिरायचे. बाराव्या दिवशी ते आले नाहीत, आणि दहा वाजता त्यांचा फोन आला. मी ‘आला आहे, पूड भरतो आहे’ एवढेच सांगितले. पाळ्या ठरवताना बसचे वेळापत्रक समोर ठेवा, सहा-सात जणांना एकदम कामावर घेऊ नका, दोघांपासून सुरुवात करा. उरलेल्या पालकांना त्याचे वाईट वाटेल आणि त्यांना तसे स्पष्ट सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

आपल्या १२ लाखांपैकी सव्वापाच लाखांना हात लावू नका. भाडे, प्रशिक्षक आणि पहिल्या दोघांचा व एका अनुभवी माणसाचा पगार मिळून महिन्याला ८५ ते ९० हजार होतील, आणि ही रक्कम त्याचे सहा महिने आहेत. उरलेल्या पैशांत डिपॉझिट, नळ-विजेची कामे, फिल्टर, भांडी, फ्रीज आणि साधे फर्निचर होते. करारावर सही करण्याआधी त्या जागेसमोर एका मंगळवारी आणि एका रविवारी सकाळी आठ ते अकरा उभ्या राहा आणि चहाच्या अमृततुल्यापाशी थांबणारे लोक मोजा. त्यांतल्या किती जणांना थोडे जास्त पैसे देऊन बसायला आवडेल याचा अंदाज आपल्याला तिथेच येईल. आमच्याकडे सकाळी साडेसातला डिकॉक्शन लागते. कोणत्याही मंगळवारी या, आणि बरोबर आपल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनाच आणा.